चतुःसीमा नसलेली फाईल

गिऱ्हेपुंजे सरांना "कसं काय, सर?" असं विचारलं तर ते "बरं आहे" असं कधी म्हणत नाहीत. क्षणभर थांबतात, खिशाला लावलेल्या टेस्टरवर बोट ठेवतात आणि चारपैकी एक शब्द सांगतात. ओके, वॉर्निंग, क्रिटिकल किंवा अननोन. पाचवं उत्तर त्यांच्याकडे नाही.

चहाचा घोट घेतला की "वॉर्निंग". प्राचार्यांच्या खोलीतून बाहेर आले की "क्रिटिकल". आमच्या एका सहकाऱ्यानं मुलीसाठी पाहिलेल्या स्थळाचा फोटो स्टाफरूममध्ये फिरवला. सगळे "छान आहे हो मुलगा" म्हणत असताना यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो नीट पाहिला आणि "अननोन" असा निकाल दिला. ते सहकारी पुढे बरेच दिवस यांच्याशी बोलत नव्हते. सरांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, "सर, ज्याचं आपल्याले माहीत नाही त्याले लोक ओके म्हणून मोकळे होतेत. सारी बोंब तिथंच होते."

मोहाडीच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवतो, तिथंच हे संगणक शिकवतात. विद्यार्थी दरवर्षी कमी होताहेत, भिंतींना ओल आहे, आणि स्टाफरूममध्ये निवृत्तीखेरीज दुसरा विषय नाही. अशा ठिकाणी एखादा विक्षिप्त माणूस असला की दिवस जातो. मी तर स्वभावानं आळशी. दुसऱ्याच्या खटपटी पाहत बसणं हा माझा आवडता उद्योग.

सरांनी लग्न केलं नाही. कारण विचारलं तर "पुरेशी माहिती मिळाली नाही" म्हणतात. भाड्याच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. दुसऱ्यांच्या लग्नाला मात्र बँडवाल्यांच्या आधी हजर. मांडवात शिरले की वधूवरांकडे न पाहता थेट विजेच्या बोर्डाकडे. टेस्टर घालणार, अर्थिंग नाही म्हणून डीजेवाल्याशी भांडणार, आणि तोवर घोड्यावरचा नवरदेव उन्हात ताटकळणार. लोक म्हणतात, "गिऱ्हेपुंजे सरायले पत्रिका देऊ नका, अन दिली नाही तरी येतेत ते."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्याकडे वीज येते तशी जाते, आणि असते तेव्हाही पूर्ण असतेच असं नाही. संगणकाच्या प्रयोगशाळेत म्हणून एक इन्व्हर्टर आहे. तो दगा देऊ लागला तर वेळेत कळावं, यासाठी सरांनी एक छोटा प्रोग्रॅम तयार केला. तो मिनिटामिनिटाला इन्व्हर्टरची नाडी पाहतो आणि वर बसलेल्या मोठ्या देखरेखीच्या प्रोग्रॅमला ओके, वॉर्निंग वगैरे कळवतो. अशा जोडून द्यायच्या प्रोग्रॅमला प्लगइन म्हणतात. सरांचे चार शब्द तिथूनच आलेले.

हे काम त्यांनी एकट्यानं केलं नव्हतं. निलेश कापगते नावाचा एक प्रयोगशाळा सहायक होता आमच्याकडे. साकोलीकडच्या एकोडीचा. तिशीला आलेला, काडीसारखा, डोळे कायम पिवळसर. त्याला लहानपणापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. इन्व्हर्टर तारेवरून स्वतःच्याच कसल्याशा भाषेत बोलायचा, आणि ती समजावून सांगणारं पुस्तक कंपनीनं दिलंच नव्हतं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी न जाता निलेश त्या तारेपाशी बसून राहिला आणि ती भाषा त्यानं सोडवली. ती एक फाईल त्याची, बाकीचं सगळं सरांचं. दिवसभर दोघं प्रयोगशाळेत पाठीला पाठ लावून बसत. बोलणं फार नसे. "ओके?" "ओके." संपलं.

गेल्या वर्षीच्या थंडीत निलेशचे सांधे दुखायला लागले. नागपूरला नेला, तो परत आला नाही. त्याची जागा पुन्हा भरली गेली नाही. सर त्याच्या दहाव्याला एकोडीला जाऊन आले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. हे प्लगइन लिनक्समध्ये घालायचं.

लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली. जगभरचे हौशी लोक एकत्र येऊन तिची आपापली बांधणी करतात, हजारो प्रोग्रॅम त्यात घालतात आणि लोकांना वाटतात. घरून तुम्ही काहीही विकू शकता, पण आठवडी बाजाराच्या मुख्य रांगेत बसायचं तर चारजण तुमचा काटा तपासणार, तसंच हे. प्रोग्रॅम नीट बांधायचा, कोणी लिहिला ते सांगायचं, कोणत्या अटीवर दिला ते सांगायचं. मग त्यांच्यातलं कोणी तरी तो तपासतो. पसंत पडला तर तो आत जातो आणि जगात कोणालाही एका ओळीत मागवता येतो. पैसा कोणालाच मिळत नाही. हे ऐकून आमच्या स्टाफरूमनं विषय तिथंच सोडून दिला.

तपासायला भेटल्या एक बाई. युरोपात कुठं तरी उत्तरेकडे राहणाऱ्या. सर त्यांना नुसतं "मॅडम" म्हणत. मॅडमना पहिला ईमेल लिहिला तो तीन दिवसांची किरकोळ रजा मागताना लिहितात त्या इंग्रजीत. शेवटी "आपला आज्ञाधारक" होतंच. मी म्हटलं, "सर, असं नाही लिहीत." तेव्हापासून प्रत्येक मजकूर पाठवण्याआधी माझ्याकडे यायला लागला. फुकटचं काम माझ्या गळ्यात पडलं ते असं.

मॅडमचं पहिलं उत्तर आलं: अमुक ओळीच्या शेवटी एक जागा उगाच रिकामी सुटली आहे, ती काढावी. मी कपाळाला हात लावला. सर मात्र आनंदून गेले. "पाहा सर. तितक्या दुरून तिले रिकामी जागा दिसली. इथं आपल्या भिंतीतून पाणी झिरपून राहिलं, ते दिसत नाही कोणाले."

महिनोन् महिने असं चाललं. मॅडम चूक काढणार, सर ती दुरुस्त करणार, पुन्हा पाठवणार. दिवाळी गेली. आणि मग खरी अडचण आली. मॅडमनी लिहिलं, "ही एक फाईल कापगते यांची आहे. ती कोणत्या अटीवर दिली, ते त्यांनी लिहिलेलं नाही. त्यांची परवानगी मागवा."

सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "इंग्रजीत कसं सांगतेत, सर?"

मी दोन ओळी लिहून दिल्या. मॅडमचं उत्तर सभ्य होतं. वाईट वाटलं असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं की लेखकाच्या मागे हक्क वारसांकडे जातो. एक तर वारसांची परवानगी आणा, नाही तर ती फाईल काढून टाका आणि तुम्ही स्वतः नव्यानं लिहा. दुसरा मार्ग सोपा. लवकरच नवी आवृत्ती गोठवली जाईल, त्यानंतर दोन वर्षं तरी नवं काही आत घेतलं जाणार नाही.

"मग लिहून टाका की," मी म्हटलं.

"दुपारभराचं काम हाय," सर म्हणाले. "येते मले."

"मग अडलं कुठं?"

"त्याचं नाव निघून जाईन."

"आभारात टाका नाव."

"आभारात मंडपवाल्याचंबी नाव असते." सर खुर्चीत बसले. पुढचं ते माझ्याकडे न पाहता बोलले. "सर, इन्व्हर्टरची बॅटरी उतरली का मले मिनिटात समजते. हा पोट्टा रोज पाठीशी बसत होता. दुखते का रे म्हटलं का ओके म्हणे. अन मी ऐकून घेतलं. तपासलं नाही."

एरवी मी काही तरी टोमणा मारला असता.

आमच्याकडे कोणतीही गोष्ट स्टॅम्पपेपरवर आल्याशिवाय खरी मानत नाहीत. मॅडमना फक्त वारसाचा साधा ईमेल हवा होता, पण हे सरांच्या मनाला पटेना. इतक्या मोठ्या ठिकाणी जायचं तर कागद पक्का पाहिजे. म्हणून आम्ही तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या ठवकर अर्जनवीसांकडे गेलो. ठवकरांचा जन्म शेतीचे कागद करण्यात गेलेला. त्यांनी चष्मा पुसला आणि सुरू केलं.

"मालमत्तेचं वर्णन?"

"फाईल," सर म्हणाले.

"कोणत्या खात्याची?"

"संगणकातली."

ठवकरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "मौजा?"

"लिहिली मोहाडीत. लिहिणारा एकोडीचा."

"मंग मौजा एकोडी. चतुःसीमा सांगा. पूर्वेस काय, पश्चिमेस काय?"

मला वाटलं, सर आता उठतील. ते विचारात पडले. "वर त्याचं नाव हाय. खाली शेवटची ओळ. डाव्या-उजव्या बाजूले काही नाही."

"मंग निरंक लिहितो. वडिलोपार्जित का स्वकष्टार्जित?"

"स्वकष्टार्जित," सर म्हणाले. "ठळक लिहा ते."

कागद तयार झाला. ठवकरांनी शेवटी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या दोघांच्याही डोक्यात नव्हती. "सही बापाची चालत नाही. पोरगा बिनलग्नाचा गेला न, वारस माय हाय."

रविवारी माझ्या मोटारसायकलवर आम्ही एकोडीला गेलो. धानाची कापणी होऊन गेलेली. घराघरांपुढे भाऱ्यांचे पुंजणे रचलेले, कुठं मळणी चाललेली, सगळ्या गावावर तुसाची बारीक धूळ. निलेशच्या वडलांनी खाट टाकली. फार आदरानं बोलत होते. "सर आले म्हनून बरं वाटलं," असं म्हणून त्यांनी कशासाठी आलात हेही न विचारता पेन मागितलं. "कुठं करू सही?"

"भाऊ, सही वहिनीची पाह्यजे," सर म्हणाले.

निलेशची आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हात पुसत पुढे आली आणि म्हणाली, "काय लिवलं हाय ते वाचून दाखवा."

मी वाचलं. ठवकरांची भाषा ठसठशीत. मौजा एकोडी, चतुःसीमा निरंक, मयत मुलाची स्वकष्टार्जित मालमत्ता. आणि मग, "सदर मालमत्तेवरील माझा हक्क, स्वामित्व व हितसंबंध मी राजीखुशीने कायमचा सोडत आहे."

"कायमचा सोडत हाय?" तिनं विचारलं.

घाईघाईत आम्ही ठवकरांकडून करून आणलं होतं ते हक्कसोडपत्र. भाऊबहिणींच्या वाटणीत करतात तसलं. दोन शिकलेल्या माणसांनी ते वाचून पाहिलं होतं आणि दोघांनाही त्यात काही खटकलं नव्हतं.

"त्याचे कपडे देऊन टाकले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "गाडी पुतन्यानं नेली. खाटबी आंगनात आली, तुमी बसले तेच हाय. आता त्याच्या हातचं हे एवढं रायलं म्हनता. अन तेबी सोडून देऊ? कायले सोडू? मी नाई देत सही."

"अवं, सर एवढ्या दुरून आले," वडील म्हणाले.

"येऊ द्या."

मला वाटलं, संपलं. गोठवायची तारीख जवळ आली होती, परत यायला वेळ नव्हता. सरांनी माझ्या हातातला कागद घेतला, त्याचे दोन तुकडे केले आणि खिशात घातले. मग ते खाटेवरून उठून खाली जमिनीवर बसले.

"वहिनी, हा कागद चुकला. तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले. "असं सांगा, तुमच्या बांधीच्या धुऱ्यावरून लोक जातेत का नाही?" बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं शेत, धुरा म्हणजे त्याचा बांध.

"जातेत. साऱ्या गावाचा रस्ता हाय थो."

"तुम्ही जाऊ देता. म्हणून बांधी त्यायची होते का?"

"कायले होईन? बांधी आमची हाय."

"बस. मले तेवढंच पाह्यजे. बांधी निलेशची, आता तुमची. लोकायले फक्त धुऱ्यावरून जाऊ द्याचं."

"अन नाव?"

"नाव तिथंच राहीन. कोणाले काढता येत नाही. तोच नियम हाय त्यायचा."

"कोन जाईन तिथून?"

इथं दुसरा कोणी असता तर अमेरिका, जपान सांगून मोकळा झाला असता. सर म्हणाले, "माहीत नाही. कदाचित कोणीच जाणार नाही. पण वाट राहीन."

"जाऊ द्या मंग," ती म्हणाली. "पन पेरलेलं तुडवू नका म्हना त्यायले."

वडलांच्या फोनवर तिच्या नावानं ईमेल उघडला. इंग्रजीत तीन वाक्यं मी लिहिली आणि एकेक तिला मराठीत सांगितलं. सर वाचून म्हणाले, "ते तुडवण्याचं राहिलं." मी म्हटलं, जादा अट घातली तर मॅडम घेणार नाहीत, सगळं पुन्हा अडेल. सर कुरकुरले. शेवटी ती ओळ अट म्हणून न घालता फाईलच्या वरच्या भागात टीप म्हणून घालायचं ठरलं. ती आजही तिथं आहे. मग आईनं पाठवायच्या खुणेवर बोट दाबलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही. वडलांनी हळूच तिचा हात बाजूला घेतला.

मॅडमनी पोच दिली. आणि तारीख उलटायच्या जरा आधी एका दुपारी प्लगइन आत गेलं. सर माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि नुसतं "झालं" म्हणाले. मी वर्ग सोडून बाहेर गेलो. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं, "यात कॉलेजचं नाव येते का?" कोणी विचारलं, "मिळाले काही?" सरांनी दोन्हीला नकारार्थी मान हलवली. एकोडीला फोन केला. पलीकडून वडील म्हणाले, "बरं झालं, सर. आता आनखी काही कराचं हाय का?" सर म्हणाले, "नाही भाऊ. आता काहीच नाही."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मॅडमचे ईमेल थांबले. दुरुस्त करायला काही उरलं नाही, एकोडीला जायला कारण उरलं नाही. सर तास घेत आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत बसत. लग्नाची एक पत्रिका आली, तिकडे गेले नाहीत. डीजेवाल्यानं माझ्याजवळ चौकशी केली. "कसं काय, सर?" विचारलं तर "बरं आहे" म्हणू लागले. त्यांच्या तोंडून ते ऐकून मला खरंच भीती वाटली.

पावसाळा सरत आला होता. एक दिवस त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. निलेशनं आपल्या फाईलवर नावापुढे प्रयोगशाळेचाच ईमेल पत्ता दिला होता, आणि त्या पत्त्यावर एक पत्र आलं होतं. मी नावही न ऐकलेल्या कुठल्याशा डोंगराळ मुलखातल्या दवाखान्यातून. लशी ठेवायच्या फ्रीजला तिथं असलाच इन्व्हर्टर लावला होता आणि त्यावर हे प्लगइन चालत होतं. थंडी फार पडली की बॅटरीचा आकडा चुकीचा येतो, एवढी तक्रार होती. सुरुवात अशी होती: "प्रिय निलेश, तुमच्या कामाचा आम्हाला फार उपयोग होतो. वेळ मिळाला तर एवढं पाहाल का?"

सरांनी उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. "वाचा," ते म्हणाले.

इंग्रजी अगदी सरळ होतं. माझ्याकडून शिकले असतील. निलेश सध्या त्याच्या गावी असतो. तुमची अडचण मी पाहतो. तुम्ही लिहिलंय ते येत्या रविवारी त्याच्या घरी जाऊन सांगतो.

गिऱ्हेपुंजे सर खोटं बोलत नाहीत. हे खोटं होतं, आणि ते त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. तिकडचा माणूस समजूतदार असेल, खरं लिहिलं तर दोन शब्द सांत्वनाचे पाठवील, असं मी म्हणणार होतो. माणूस गेला हे इंग्रजीत किती परीनं सांगता येतं, ते मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. पण त्या पत्रात निलेश अजून होता, त्याला वेळ मिळणार होता, आणि ते पुसायचं काम मला करवेना.

"एवढं चालते न, सर?" त्यांनी विचारलं.

"चालते," मी म्हटलं.

त्यांनी उत्तर पाठवलं आणि खुर्ची संगणकाकडे वळवली. निलेशची फाईल उघडली आणि थंडीत आकडा कुठं चुकतो ते एकेक ओळ वाचत शोधू लागले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तास संपल्याची घंटा झाली, पुढचा तास माझा होता, तरी मी त्यांच्या पाठीमागे एक खुर्ची ओढून बसलो.